कुकर, विळी आणि नॉक्सव्हिल

युसुफचाचाच्या काट्यावर खोकं ठेवलं की तो वजन बघत नाही, आधी पत्ता वाचतो. पत्ता अमेरिकेचा असला तर खोक्यावर हात ठेवून डोळे मिटतो आणि निकाल देतो. "बॉइसी? उठणार. पाच वर्षांत. लिहून ठेव." नाहीतर, "हे मफी, कायच नाय. खलास शहर." मग किलो सांगतो.

इथं आखातात, मुहर्रकला, विमानतळाजवळच्या एका कार्गोच्या दुकानात खोकी बांधण्यात त्याची तीस वर्षं गेली. सुट्टीत श्रीवर्धन आणि एकदा उमऱ्याला मक्का, यापलीकडं त्यानं जग पाहिलेलं नाही. अमेरिका तर फक्त पत्त्यांमधून पाहिली. पण तिथलं कुठलं शहर आता वर येणार, हे तो बेधडक सांगतो. न्यूयॉर्क, शिकागो असली नावं काढली की तो आपल्याकडं दयेनं बघतो. "ती फुगून झाली रे. मधल्यांचं बोल. टल्सा, ओमाहा, चॅटनुगा."

त्याचं शास्त्र कुकरवर चालतं. "आधी पोरगा एकटा जातो. आई तीन लिटरचा कुकर पाठवते. मग पाच लिटरचा जातो, म्हणजे बायको आली. मिक्सर धरायचा नाय, तिथल्या करंटवर तो चालत नाय. आणि एक दिवस नारळ खवायची विळी जाते. विळी मागवली की समजायचं, ही माणसं आता परत येत नाय. जिथनं माणसं परत येत नाय, ते शहर उठणारच."

लोक हसतात आणि विचारतातही. शुक्रवारी खोकं बांधायला आलेला माणूस हळूच म्हणतो, "चाचा, मुलगा घर घेतोय, घेऊ दे ना?" सगळ्यात जास्त हसणारा मी. मी एसी दुरुस्त करतो, माहूज भागात चाचाच्याच इमारतीत एक मजला खाली राहतो. कॉम्प्रेसर किती दिवस टिकेल ते मला कळतं, शहराचं कळत नाही. आमचं स्वतःचं भविष्य व्हिसाच्या तारखेपर्यंत. उमेदीची सगळी वर्षं इथं घालवली तरी या शहराला आपलं म्हणायची सोय नाही, आणि गावाकडं कुणी वाट बघत नाही. म्हणूनच बहुतेक आम्ही लोकांच्या शहरांची चिंता करतो.

चाचाची एकुलती एक मुलगी नसीम अमेरिकेत नॉक्सव्हिलला आहे. दवाखान्यात नोकरी. "दोन वर्षांसाठी गेलीय," असं चाचा गेली सहा वर्षं सांगतो. मधे चाची वारली. तेव्हा नसीम आठ दिवस आली आणि गेली. फ्लॅटमधली तिची खोली चाचानं कुणालाही भाड्यानं दिली नाही. आमच्याकडं हॉलमध्ये पडदा लावून माणसं राहतात, आणि इथं अख्खी खोली रिकामी. दर एप्रिलला तो मला वर बोलावतो आणि त्या खोलीतला एसी साफ करून घेतो. मी एकदा म्हणालो, "चाचा, इथं झोपतं कोण?" तर म्हणाला, "पोरगी भर उन्हाळ्यात येऊन उभी राहिली तर?"

आता नॉक्सव्हिलबद्दल त्याचं मत विचारा. "मफी. डोंगर हाय नुसता. तिथं काय ठेवलंय?" कितीही वेळा विचारा, हेच.

माझ्या पुतण्याला, नीलेशला, एकदम दोन नोकऱ्या चालून आल्या. एक टल्सात, एक नॉक्सव्हिलला. त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या वहिनीचा, चाचावर फार विश्वास, तिनं मला विचारायला लावलं. चाचानं डोळे मिटले. "टल्सा. डोळे झाकून." नीलेश टल्साला गेला आणि सात महिन्यांत कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तोही गेला. गेल्या आठवड्यात वहिनी फोनवर रडली. माझं डोकंच फिरलं. कामावरून थेट मुहर्रक गाठलं. आज म्हाताऱ्याची हजामत करायची, असं वाटेत घोकत होतो.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चाचा जमिनीवर बसून काहीतरी बांधत होता. चाचीची विळी. पाट मधे खोलगट झालेला, नारळ खवायचे दाते झिजलेले. चाची गेल्यापासून ती विळी ओट्याखालून कुणी बाहेर काढली नव्हती. त्यानं पात्याला पुठ्ठा लावला, त्यावर टॉवेल गुंडाळला, त्यावर पुन्हा पुठ्ठा. शेजारच्या खोक्यावर पत्ता लिहून तयार होता. नॉक्सव्हिल.

मी आणलेली सगळी शिवीगाळ दारातच राहिली. खाली बसलो.

"घर घेतलं तिनं," चाचा म्हणाला. "काल फोन आला. म्हणते, अब्बा, प्लीज, अम्मीची विळी पाठवा. नवी नको, तीच पायजे."

त्याच्या कुकरचं आणि विळीचं शास्त्र नसीमला ठाऊक नाही. असतं तर तिनं विळी मागितली नसती. निदान चाचाकडं नसती मागितली.

पुठ्ठ्यावर त्यानं मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हळू उघड. धार हाय.' मी म्हणालो, "चाचा, नसीमला मराठी वाचता कुठं येतं?"

त्यानं मार्करचं टोपण लावलं, परत काढलं. मग मार्कर माझ्या हातात दिला. मी खाली इंग्रजीत लिहिलं. मराठीवर काट मारायला गेलो तर त्यानं माझा हात धरला.

नीलेशचं नाव मी काढलं नाही. त्यानंच काढलं. "तुझ्या पुतण्याला मी फसवला. नॉक्सव्हिल उठणार हे मला कधीच कळलेलं. चार विळ्या मीच बांधल्या ना तिथल्या. पण तोंडानं बोलायचं म्हणजे..."

बोलणं तिथंच सोडून तो विळी खोक्यात ठेवून पट्टी मारायला लागला. मला रागावता आलं नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, कारण नीलेश अजून घरीच बसलाय.

चाचानं खोकं काट्यावर चढवलं. पत्त्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

"उठणार," तो म्हणाला. "लिहून ठेव."

मग किलो सांगायचे विसरून मला विचारलं, "तुझ्या वळखीत कुणाला खोली पायजे काय? एसी चांगला हाय. तूच सांग लोकांना."

"सांगतो," मी म्हणालो. एसी खरंच नव्यासारखा आहे. नसीमचे ते आठ दिवस सोडले, तर सहा वर्षांत त्याच्या वाऱ्यात कुणी झोपलेलंच नाही.