आठ नंबरच्या बाई

धाकट्या सुनेनं प्रयोगशाळेच्या दारात उभ्याउभ्याच आपल्या सरांना निरोप लिहिला, 'आठ नंबरच्या बाईंची सूज हाताबाहेर गेलीय. आकडे बघून हादरले. आजच काहीतरी ठरवायला हवं.' मग नियमाप्रमाणे फोन लॉकरमध्ये टाकून ती आत गेली. निरोप सरांना न जाता घरच्या ग्रुपवर गेला होता.

घरच्यांच्या लेखी आठ नंबरच्या बाई एकच, त्या म्हणजे सासूबाई. आठ नंबरचा फ्लॅट त्यांचा, धाकटा मुलगा आणि सून शेजारी नऊमध्ये.

सगळ्यात आधी मोठे दीर बांधकामावरचं काँक्रीट अर्धवट सोडून धावत आले. त्यांनी बहिणीला कळवलं, तिनं मावशीला, मावशीनं दोन्ही मामांना. तासाभरात दारात चपला काढायला जागा उरली नाही. जो येई तो सासूबाईंच्या पायांकडे बघून मान हलवी. त्या भाजी चिरत होत्या. काय झालंय, असं त्यांनी तीनदा विचारलं. तुला काही सांगायचं नाही असं ठरलंय, एवढं मावशी बोलून गेली. मग हातातली सुरी काढून घेऊन त्यांना आडवं केलं, तेव्हा त्यांचे हातपाय खरोखरच गार पडले. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला. तो एकशे नव्वद निघाला आणि उरलीसुरली शंका फिटली. दिरांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. नणंद कोपऱ्यातल्या खुर्चीत पोटाशी हात आवळून वाकून बसली होती. लेकीचा आईवर भारी जीव, असं मामा म्हणाले.

सुनेनं फोन उघडला तेव्हा त्रेसष्ट मिस्ड कॉल होते. ती धापा टाकत घरी पोचली आणि आईंना काय झालं म्हणून विचारू लागली. दिरांनी तिचाच निरोप तिच्यापुढे धरला. तो वाचून ती दारातल्या चपलांवरच बसली.

मग तिनं चाचरत सगळं सांगितलं. आठ नंबर म्हणजे तिच्या अभ्यासातली एक पेशंट. आजार एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर भलतीकडेच वाढतो. मग शरीराच्या राखणदार पेशी सायटोकाइन नावाचे निरोप सोडतात. एकीनं बोलावलं की दहा येतात, त्या आणखी दहा-दहा जणींना बोलावतात, आणि मदतीला आलेल्या गर्दीनंच सूज अन् दुखणं वाढतं.

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "कळलं," त्या म्हणाल्या.

दिरांनी वैतागून विचारलं, की एवढा मोठा आजार आहे तर कुणाला दिसत कसा नाही. सून म्हणाली, पाळीच्या दिवसांत त्या बाया कळवळतात आणि घरचे सांगतात, सगळ्यांनाच दुखतं.

"वहिनी," कोपऱ्यातून आवाज आला, "उभंसुद्धा राहवत नसेल तर?"

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून. आज दुसरा दिवस."

सून उठून तिच्यासमोर आली. साठ बायकांचे नमुने तिनं तपासले होते, आणि हिला मात्र ती आजवर कामचुकार समजत आली होती.

"सहन कर, असं मीच सांगत आले," सासूबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन दोघं वर आले आणि पेशंट कोण म्हणून विचारू लागले.

सासूबाई पलंगावरून उतरल्या, लेकीजवळ गेल्या. "मघापर्यंत मी होते," त्या म्हणाल्या. "आता हिला न्या."