पायाळू जिवलीची लाथ

चिखल्याच्या वाडीत चिकू निवडणाऱ्यांच्या कंबरा धरत होत्या आणि त्यावर औषध म्हणून मुकादम प्रविणनं जिवलीचा पाय नेमला होता. जिवली पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आले, म्हणून तिनं पाठीला हलकेच लाथ लावली की उसण उतरते, अशी सगळ्यांची खात्री. पण म्हणून काय बाईनं रोज लाथाच मारत बसायचं?

क्रेट जमिनीवर. दिवसभर वाकून निवडायचं, वाकूनच उचलायचं. पाठ जाणार नाही तर काय होईल? आधी चैत्या अडकला, मग रूपी, मग बायजी. सुट्टी मागितली की प्रविण म्हणे, जिवलीकडे जा. ह्या बाबाला फुकटचा दवाखानाच सापडला होता.

शेवटी जिवलीचीच कंबर धरली. आता पायाळूला लाथ कोण मारणार? ती डहाणूला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, लाथेनं काही होत नाही. माल कमरेच्या उंचीवर घ्या, मधेमधे पाठ ताणा, जड क्रेट दोघींनी उचला. जिवलीनं येऊन प्रविणला विटांवर फळ्या टाकायला सांगितलं. फळ्या शेडमागे कुजत पडल्या होत्या, तरी ह्याच्या जिवावर आलं.

"डॉक्टरनं कधी चिकू निवडलाय?" असं म्हणत तो क्रेट कसा उचलायचा ते दाखवायला वाकला. क्रेट वर आला नाही. प्रविणही अर्ध्यातच राहिला.

जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. त्यानं तिथल्या तिथे पाय लाव म्हणून गयावया केली. जिवली म्हणाली, "माझा पाय नाय उचलत, प्रविणभाय. कंबर धरलीय."

मग मात्र अडकल्या कमरेनं क्रेटपर्यंत स्वतःचे हात पोचावेत म्हणून ह्या माणसानं घटकेत फळ्या मांडून घेतल्या. सगळी उभ्यानं निवडू लागली, आठवडाभरात त्यांच्या पाठी सैल झाल्या, जिवलीचीही झाली. प्रविण तेवढा वाकडाच होता.

"तुझा पाय सुटला ना? मग लाव," तो म्हणाला. "मी सरळ झालो की फळ्या काढू. शेडात जागा अडते."

काय म्हणावं अशा माणसाला! जिवलीनं शांतपणे हातोडी त्याच्यापुढे ठेवली.

"आधी फळ्या शेडच्या खांबांना ठोक. मंग लाथ."

कण्हत, कुंथत त्यानं एकेक खिळा ठोकला आणि पाठ करून उभा राहिला. लाथेनं काही होत नाही, हे जिवलीला आता पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं मारली, आणि रीतीपेक्षा बरीच जोरात मारली. प्रविण जाऊन फळीवर आदळला. फळी जागची हलली नाही.