प्रानोम नावाचं दुर्मीळ क्रोटन

कालव्याकाठच्या सावेंगसमोर क्रोटनचं कुठलंही पान धरा. तो ते दोन बोटांत घेईल, उजेडाकडे करून शिरा बघील, देठाचा वास घेईल आणि त्या झाडाचं नाव सांगेल, त्याच्या आईबापाची नावं सांगेल, शिवाय ते कुणाच्या कुंपणावरून चोरलंय तेही सांगेल! एकतीस वर्षं तो नदीवरच्या लाँचवर तिकीट तपासनीस होता. तीनशे उतारूंमधला बिनतिकिटाचा एक चेहरा हुडकणारी नजर निवृत्त झाल्यावर कुठेतरी खर्च करायलाच हवी होती. ती त्याने क्रोटनवर खर्च केली.

"मला ओळखता येणार नाही असं क्रोटन," तो भेटेल त्याला सांगायचा, "अख्ख्या नोंथबुरीत अजून उगवायचंय!"

आणि मग ते उगवलं. तेही त्याच्याच जिन्याखाली!

सहा वर्षांपूर्वी देवळात भिक्षूंना जेवण द्यायला गेला असताना संडासामागे त्याला एक फांदी दिसली. स्क्रूसारखी पिळलेली पानं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने ती खिशात घातली, घरी आणून लावली आणि कुणाची नजर जाऊ नये म्हणून कुंडी जिन्याखाली, पाण्याच्या रांजणांमागे दडवली. तिथे त्या झाडाने जो रंग धरला त्याला तोड नव्हती. जवळजवळ काळं पान आणि मधून गुलाबी शीर. जणू अंधारात कुणीतरी उदबत्ती ओढत नेली! सावेंगने चार जुन्या जाणकारांना नुसतं एकेक पान नेऊन दाखवलं. चौघांनीही 'ओळखत नाही' म्हणून माना हलवल्या. नवं वाण! आणि नव्या वाणाला नाव द्यायचा मान ते वाढवणाऱ्याचा.

इकडे घरात मात्र त्याला फारसा मान नव्हता. अंगणात दोनशे चौदा कुंड्या होत्या. त्याची बायको प्रानोम हिला कपडे वाळत घालायला दोरी बांधायची तर एक टोक आंब्याला आणि दुसरं कालव्यापलीकडे बांधावं लागलं असतं. क्रोटनच्या चिकाने तिची तीन लुगडी डागाळली होती. एका कुंडीला अडखळून तिच्या पायाचं बोट आठवडाभर वांग्यासारखं झालं होतं.

"घरात क्रोटन असलं की पुण्य येतं म्हणे," प्रानोम कोळंबीचा ठेचा कुटता कुटता म्हणाली. "आलं ना पुण्य! आता माणसांनी कुठे राहायचं तेवढं सांगा."

"अगं, शनिवारी देवळाच्या जत्रेत क्रोटनचं प्रदर्शन आहे. त्यानंतर थोड्या कुंड्या कमी करतो."

"हे तुम्ही गेल्या जत्रेलाही म्हणालात. रविवारी मी सुफानला बहिणीकडे चाललेय. पाहुणी म्हणून नाही, राहायला!"

खलबत्त्याचा आवाज थांबला, तेव्हा सावेंगच्या लक्षात आलं की ही धमकी नाही, बातमी आहे. छत्तीस वर्षांच्या संसारात ती इतक्या शांतपणे कधीच बोलली नव्हती.

तो रात्रभर तळमळला आणि सकाळी ताडकन उठून बसला. सुचलं! त्या अद्भुत झाडाला बायकोचंच नाव द्यायचं! प्रदर्शनात, सगळ्या गावासमोर, नारळाच्या झाडांवरच्या कर्ण्यांतून तिचं नाव दुमदुमेल. मग कसली सुफानला जाते!

प्रदर्शनाच्या कार्डावर रकाने होते. सावेंग जाणकार माणूस, त्यामुळे त्याने ते अगदी शास्त्रशुद्ध भरले. नावाच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'प्रानोम'. बाकीचं खरंखरं लिहिलं. खोटं लिहायची त्याला सवयच नव्हती, हेच नडलं!

शनिवारी सकाळी कुंडी हातगाडीवर चढवताना तो बायकोला म्हणाला, "दहा वाजता ओटीवर बस. कर्ण्यावरून तुझ्यासाठी काहीतरी ऐकू येणार आहे."

"काय?"

"ते ऐकशीलच!"

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याने शेजारच्या चुआनमावशीलाही सांगितलं, की चारजणी जमवून ऐका. चुआनमावशीने चौदा जमवल्या. कुणी तळलेली केळी आणली, कुणी चटया. दहाला पाच कमी असताना प्रानोमने केस विंचरून अबोली रंगाचा चांगला झंपर घातला होता. दाखवत नव्हती, पण तिला उत्सुकता होती.

देवळात कर्ण्यासमोर मानोप बसला होता. हा मानोप हरवलेली चप्पल, देणगीदारांची यादी आणि मयताची बातमी एकाच गोड सुरात वाचायचा. वाचताना अर्थाकडे लक्ष द्यायची भानगड तो ठेवत नसे. प्रदर्शन सुरू झाल्याचं सांगायला तो विसरला, टेबलावरचं कार्ड उचललं आणि सुरू झाला.

"आता सावेंगकाकांची प्रानोम!"

ओटीवर चौदा बायकांनी टाळ्या पिटल्या. प्रानोम लाजली. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा!

"वय, नक्की सांगता येत नाही. मूळ ठिकाण, देवळाच्या संडासामागे. कुणाला न विचारता उचलून आणली."

टाळ्या थांबल्या.

"बांधा, खाली रुंद, वर विरळ. रंग, काळपट. जिन्याखाली ठेवल्यास जास्त खुलते. स्वभाव, जागेवरून हलवल्यास रुसते. जास्त पाणी दिल्यास कुजते, कमी दिल्यास वाळते. निगा, पाठीवर पिठ्या ढेकूण होतात, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसावी."

चुआनमावशीच्या हातातलं केळं हातातच राहिलं.

"विशेष सूचना," मानोप मधाळ आवाजात म्हणाला, "इच्छुकांनी हात लावून पाहण्यास हरकत नाही. मालक फांदी... पुढचं पुसट आहे. बाकीचं चहा घेऊन वाचतो. एक निळी चप्पल सापडली आहे!"

ओटीवरच्या चौदाही बायका प्रानोमकडे बघायला लागल्या.

"अगं, झाडाबद्दल असेल," चुआनमावशी चाचरत म्हणाली.

"माझं नाव झाडाचं आहे का?" प्रानोम उठली. पायऱ्या उतरून होडीत बसली आणि वल्हं मारायला लागली. तिची होडी इतक्या वेगाने निघाली, की काठावरची बदकं लाटेने वर येऊन पडली.

इकडे सावेंग फुशारून उभा होता. त्याच्या कानावर कर्ण्याचा एक शब्दही गेला नव्हता. तो मंडपात होता, आणि शेजारच्या आकाशपाळण्याचं इंजिन धडधडत होतं. नेमक्या त्याच वेळी परीक्षक विचितगुरुजी त्याच्या कुंडीसमोर आले. गुरुजींच्या गळ्यात बिनतारी माइक अडकवलेला होता, कारण निकाल सगळ्यांना ऐकू जायला हवेत. तो चालू होता.

गुरुजींनी चष्मा वर केला. पान उलटसुलट केलं.

"सावेंग, ही प्रानोम दुर्मीळ कशी?"

"काय म्हणता गुरुजी? हा रंग कुठे पाहिलाय?"

"अरे, अशा प्रानोम घरोघरी आहेत! कुंपणाकुंपणाला! तुझी नुसती अंधारात ठेवून काळी पडलीये."

कालव्यातल्या होडीत प्रानोमने हा निकाल कर्ण्यावरून जसाच्या तसा ऐकला. तिने वल्हं दुसऱ्या हातात घेतलं.

"अंधारात? ही जातच वेगळी आहे!" सावेंगचा आवाज चढला. इंजिन बंद झालं होतं, आणि आता त्याचाही आवाज कर्ण्यावर जात होता. "असली दुसरी दाखवा मला!"

"तिला महिनाभर उन्हात ठेव, मग बघ. सगळ्यांसारखीच तांबडीपिवळी होईल. म्हातारं खोड आहे रे, जुनाच माल!"

सावेंग चवताळून कुंडी फिरवायला गेला. सहा वर्षांत त्याने ही कुंडी कधी मागून पाहिली नव्हती, कारण तिची पाठ भिंतीला असायची. आता पाहिली. खोडाच्या तळाशी एक फूट आली होती. जिन्याच्या फळ्यांमधून येणाऱ्या कवडशाकडे वाढलेली, बोटभर लांब. तिला एकच पान होतं. तांबडंपिवळं. नोंथबुरीतल्या प्रत्येक कुंपणावर, प्रत्येक पोलीस चौकीपुढे आणि प्रत्येक दंतवैद्याच्या दारात असतं, अगदी तस्सं!

त्याच्या नजरेला एक क्षणही लागला नाही. गुरुजींचं खरं होतं. चार जाणकारांना ओळखता आलं नव्हतं, कारण त्यांनी अंधारातलं पान पाहिलं होतं. त्यालाही ओळखता आलं नव्हतं, कारण त्याला ओळखायचंच नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच घाटावर प्रानोम उतरली. अबोली झंपर, हातात वल्हं.

सावेंगपुढे दोन वाटा होत्या. पान दाखवून 'माझी प्रानोम साधीच आहे' असं बायकोसमोर कबूल करायचं, नाहीतर पान गायब करायचं. माणसाच्या डोक्यात अशा वेळी काय येईल सांगता येत नाही. त्याने पान खुडलं आणि तोंडात टाकलं!

क्रोटनचा चीक जिभेला लागला की काय होतं, हे सावेंग गेली दहा वर्षं लोकांना बजावत होता. आता त्याला स्वतःला कळलं. आधी जीभ झोंबली, मग ओठ फुगले, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बोल ना," गुरुजींनी माइक त्याच्या तोंडाशी धरला. "हिच्यात एवढं विशेष काय, लोकांना कळू दे."

"प्रा... नो..." सावेंग कसाबसा म्हणाला. "प्रा... नोम्..." आणि त्याला पुढे बोलवेना. अश्रू गालांवरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून माइकवर ठिबकत होते.

मंडपात कुणीतरी हुंदका दिला. एक म्हातारी पदराने डोळे टिपत सुनेला म्हणाली, "बघ, किती जीव आहे बायकोवर! नाहीतर आपल्याकडचे!"

वल्हं अर्धवट उचललेली प्रानोम थबकली. नवऱ्याला रडताना तिने एकदाच पाहिलं होतं, लाँच कंपनीने त्याची टोपी परत मागितली तेव्हा. तिने वल्हं खाली केलं, कुंडीशी परत आणून ठेवलेलं कार्ड उचललं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. संडास आला, काळपट रंग आला, ढेकूण आले. तिच्या भुवया वर चढत गेल्या. मग तळाचा एक रकाना आला, जो वाचायच्या आत मानोप चहाला गेला होता. 'हे नाव का दिले?' त्यापुढे सावेंगच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रोज बघतो, तरी पुरती ओळखता आलेली नाही, अशी माझ्या घरात एवढीच. दुसरी मिळणार नाही.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग कार्डाची घडी करून झंपरात ठेवली आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"अहो, तोंडात काय आहे?"

सावेंगने मान हलवली. काही नाही.

"थुंका!"

तो थुंकला. तांबडंपिवळं पान सगळ्यांच्या समोर जमिनीवर पडलं. गुरुजींनी ते काडीने उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! बघा! मी काय म्हणत होतो? साधी! अगदी साधी!"

"कोण साधी, गुरुजी?" प्रानोमने विचारलं. आवाज शांत होता. सावेंगला तो शांतपणा ओळखीचा होता, तो दोन पावलं मागे सरला.

"ही... ही प्रानोम."

"प्रानोम मी आहे. हिलाही माझंच नाव दिलंय." तिने वल्ह्याचं टोक जमिनीवर टेकवलं. "आता सांगा. साधी?"

गुरुजींनी वल्ह्याकडे पाहिलं, मंडपातल्या डोळे पुसणाऱ्या बायकांकडे पाहिलं आणि खाकरले. "तसं शास्त्राच्या दृष्टीने बघायला गेलं तर... सावलीतला रंगही आपल्या जागी... म्हणजे विशेष उल्लेखनीय!"

'विशेष उल्लेखनीय' अशी हिरवी फीत कुंडीला बांधली गेली, आणि मानोपने चहाचा पेला हातात धरून तेही गोड सुरात जाहीर केलं.

परत जाताना अडचण आली. हातगाडी केव्हाच निघून गेली होती आणि होडीत दोघांपुरतीच जागा. प्रानोमने कुंडी उचलून पुढच्या फळीवर ठेवली, स्वतः मागे बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही चालत या. वाटेत ओठांना बर्फ लावा. आणि हो, सुफानच्या बहिणीला निरोप द्यायचाय, पुढच्या महिन्यात बघू म्हणून."

सावेंग काठाकाठाने चालू लागला. ओठ पावासारखे फुगलेले, जीभ तोंडात मावत नव्हती. दारादारातून लोक विचारत होते, "काका, काय झालं?" तो नुसता हात हलवत होता.

माथ्यावर ऊन रणरणत होतं. कालव्यातून होडी त्याच्या बरोबरीने चालली होती. मध्येच प्रानोम थांबली, डोक्यावरची ताडाच्या पात्यांची मोठी टोपी काढली आणि झाडाला ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर घातली. स्वतः उघड्या डोक्याने वल्हं मारायला लागली.

क्रोटनला ऊन हवंच असतं, ऊन मिळालं तरच त्याचा खरा रंग येतो, हे सावेंगने आयुष्यात शेकडो लोकांना समजावलं होतं. आताही त्याने ओरडायला तोंड उघडलं. पण जीभ सुजली होती, शब्द फुटेना.

नसती सुजली, तरी तो ओरडला नसता म्हणा!