सदूभाऊ आणि पडक्या इमारती

सदूभाऊ पडक्या इमारतीचा फोटो काढायच्या आधी तिची विचारपूस करतात. छप्पर उडालेलं, खिडकीतून रानवेल बाहेर आलेली, आणि हे दारात चपला काढून विचारणार, "काय बाय, बरी हायस न्हवं?" मग थोडं थांबणार. उत्तर येत नाही, याची लाज फक्त मला वाटते.

कार्ल्यात ते माझे शेजारी. जुन्या हायवेवर त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, कमळमावशींचं, वडापावचं हॉटेल होतं. एक्स्प्रेसवे झाला, गाड्या तिकडून पळायला लागल्या आणि हॉटेल बसलं. पुढे मावशी गेल्या. अशा वेळी माणसं देवधर्माला लागतात, हे कॅमेऱ्याला लागले.

लोणावळ्यात सगळं जग दरीकडे तोंड करून फोटो काढत असतं. सदूभाऊ दरीकडे पाठ करून बंद पडलेल्या लॉजकडे बघत उभे. कुणी हसलंच तर म्हणतात, "डोंगर काय पळून चाललाय व्हय? ह्या भिंतींचं काय खरं न्हाई!"

सदूभाऊंच्या पुतण्यानं हौसेनं त्यांना आपल्या लग्नाचे फोटो काढायला सांगितले. ही चूक आमच्याच गावात होऊ शकते. अल्बम आला तेव्हा पानोपानी कार्यालयामागचं पडकं गोदाम. एका फोटोत नवरी होती, तीही कोपऱ्यात, अर्धी. व्याही तणतणले. सदूभाऊ शांतपणे म्हणाले, "पोरगी आता घरातच हाय की, रोज बघा."

स्वतःच्या हॉटेलचा फोटो मात्र त्यांनी कधी काढला नाही. त्याच्या भिंतीत चुलीजवळ उंबर उगवला होता. रोप बोटभर होतं तेव्हाच सदूभाऊ कोयता घेऊन धावले होते, पण उंबर म्हणजे दत्ताचं झाड. मावशींनी त्यांना हात लावू दिला नाही, उलट तांदळाचं धुवण रोज त्यालाच घातलं. झाडानं भिंत फोडली, मग छप्पर उचललं. एक्स्प्रेसवेनं अर्धं हॉटेल बुडवलं, उरलेलं मावशींच्या भक्तीनं.

गेल्या महिन्यात कळलं, रस्ता रुंद होणार, हॉटेल आणि झाड दोन्ही जाणार. पाडायच्या दिवशी सदूभाऊ सकाळीच माझ्या दारात. "चल, गाडी काढ."

मला वाटलं, शेवटी फोटो काढणार. जेसीबी रस्त्यापलीकडे येऊन उभाच होता. सदूभाऊंनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि गुडघ्यावर बसून भिंतीची फट उकरू लागले. फटीत त्याच उंबराचं एक पोर उगवलं होतं, चार पानांचं. चालक हॉर्न वाजवत होता, मी "भाऊ, उठा" म्हणत होतो. त्यांनी नखं फुटेस्तोवर माती काढली, पण मूळ तुटू दिलं नाही.

घरी येऊन त्यांनी ते रोप लावलं कुठं, तर स्वयंपाकघराच्या भिंतीला अगदी चिकटवून.

मी ओरडलो, "भाऊ, अहो ही पण भिंत फुटेल!"

त्यांनी तांब्यातलं धुवण हळूच मुळाशी सोडलं.

"फुटू दे," ते म्हणाले. "एकट्याला भिंती किती लागत्यात?"