एका वायरीचा गोतावळा

वायरिंग हा माझा प्रांत. ब्राइला बंदरातल्या जहाज कारखान्यात मी जन्मभर विजेच्या वायरिंगचे नकाशे काढले. डॅन्यूब नदीतून जाणाऱ्या कितीतरी बोटींच्या पोटात कुठली वायर कुठून निघते आणि कुठे पोचते, हे मी डोळे मिटून सांगेन. तेव्हा घरात आलेल्या एका इंटरनेटचे तीन कॉम्प्युटरांसाठी तीन फाटे काढायला बाहेरून माणूस बोलवूया, असं मारिएतानं म्हणणं मला झोंबलं.

"बोटीतलं वेगळं," मारिएता म्हणाली. "बोट उलटून बोलत नाही. आपल्या घरातली माणसं बोलतात."

मारिएता माझी बायको. इटलीत कामाला निघालेल्या लोकांच्या दाखल्यांची ती घरबसल्या भाषांतरं करते, त्यामुळे तिला कॉम्प्युटर दिवसभर लागतो. मला तो बुद्धिबळासाठी लागतो, तोही दिवसभरच. तिसरा कॉम्प्युटर आमच्या मुलाचा, लिव्हिउचा. तो स्वतः इटलीत, ट्यूरिनला इमारतींच्या परांच्यांवर काम करतो. त्याच्या मागच्या खोलीत आता माझ्या सासूबाई राहतात, आणि कॉम्प्युटर त्यांच्या पलंगाच्या उशाशी तसाच पडून होता.

घाई असण्याचं कारण मोठं होतं. लिव्हिउला मुलगी झाली होती. मारिएतानं व्हिसासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. नात बाराखडी शिकायला लागेपर्यंत आपल्याला तिचं तोंड दिसणार नाही असं धरून ती गप्प गप्प वावरत होती. मग लिव्हिउनं फोनवर सांगितलं, की रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे, चर्चमधून घरी आलो की तिला कॅमेऱ्यासमोर धरतो, तुम्ही पडद्यावर बघा.

"रविवारी इंटरनेटनं दगा दिला तर?" मारिएतानं विचारलं.

"वायरिंग कुणाचं आहे?" मी म्हणालो.

तर मी कामाला लागलो. भिंतीला भोकं पाडली. एक भोक जिथून निघायला हवं होतं तिथून न निघता स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीमागे निघालं, पण मोठ्या कामात एवढं चालायचंच. दिवाणखान्यात एक फाटे काढणारी डबी बसवली. तिच्यातून एक वायर मला, एक मारिएताला, आणि तिसरी गालिच्याखालून थेट मागच्या खोलीत. तिचं टोक मी कपाटामागे गुंडाळून ठेवलं.

सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या. त्यांचं नाव पारास्किवा. ऐंशीच्या घरातल्या, पण चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात.

"आई, या वायरीला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "लिव्हिउ सुट्टीवर आला की जोडू."

"आणि तोवर मी?"

"तुम्हाला काय करायचंय इंटरनेट? या वयात डोळ्यांना त्रास."

त्या म्हणाल्या, "बरं, जावईबापू."

एरवी त्या मला वालेरिका म्हणतात. जावईबापू म्हणाल्या की काहीतरी शिजतंय, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

दोन-तीन दिवसांत खालच्या मजल्यावरचे इंजिनिअरसाहेब वर आले. हारालांबी त्यांचं आडनाव, पण सगळा जिना त्यांना इंजिनिअरसाहेबच म्हणतो. त्यांची मुलगी कॅनडात. तिच्याशी बोलायला म्हणून ते रोज स्टेशनजवळच्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन रांगेत उभे राहत. गुडघे धरून ते आमच्या सोफ्यावर बसले आणि माझ्या डबीची स्तुती करू लागले. स्तुती करणाऱ्या माणसाला मी नाही म्हणू शकत नाही. बाल्कनीतून एक वायर त्यांच्याकडे खाली सोडली.

"पण फक्त तुमच्यापुरतं हं, साहेब. कुठे बोलू नका."

"माझ्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही," ते म्हणाले.

आणि खरंच शब्द गेला नाही. वायर गेली.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की इंटरनेट रोज थोडं थोडं म्हातारं होतंय. मी घोडा हलवायचा आणि चहा करून आणायचा, तेव्हा कुठे घोडा हलायचा. आमच्या बाल्कनीसमोरून एक नवी वायर खालून वर गेलेली होती, हेही मी पाहिलं होतं. कुणाच्या तरी टीव्हीची असेल म्हणून सोडून दिलं. मारिएता तिच्यावर मोजे वाळत घालायची.

रविवार उजाडला. मारिएतानं केस कुरळे करून घेतले होते. लग्नाकार्यातला निळा ब्लाउज घालून ती पडद्यासमोर जाऊन बसली, आणि शेजारी मला जागा ठेवली. नातीला दाखवायला तिनं विणलेली टोपीही मांडीवर घेतली होती. बाळाचं नाव काय ठेवलं, तेही पडद्यावरच सांगणार होते.

पडद्यावर काही येईना.

"वालेरिका, हे बंद आहे."

"येईल."

"डबी बघ जरा."

डबीवरचे दिवे एरवी शहाण्या मुलांसारखे आळीपाळीनं लुकलुकतात. आज सगळे एकदम पिसाळल्यासारखे उघडझाप करत होते. मी डबी बंद केली, चालू केली. दिवे परत पिसाळले. इतक्यात फोन वाजला. लिव्हिउ होता.

"बाबा, आमच्याकडे सगळं नीट आहे. तुम्हीच दिसत नाही आहात. लवकर करा, बाळ आत्ता जागं आहे. एकदा झोपलं की पाहुण्यांसमोर उठवायला नको म्हणते ही."

मारिएता म्हणाली, "सगळ्या वायरी काढ आणि माझी एकच ठेव."

आता, हा सल्ला चांगला होता. पण तो मानायचा म्हणजे माझ्या वायरिंगमध्ये दोष आहे हे मानायचं.

"माझ्या वायरिंगमध्ये दोष नाही," मी म्हणालो. "दोष खाली आहे." आणि चपला घालून जिना उतरलो.

इंजिनिअरसाहेब बनियनवर होते. "मी वरच येत होतो," ते म्हणाले. "आमचंही बंद आहे." त्यांच्या बायकोनं लगेच आंबट चेरीच्या मुरंब्याची बशी आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. आमच्याकडे मुरंबा नाकारणं म्हणजे घराण्याशी वैर धरणं. मी चमचा तोंडात घातला आणि तसाच त्यांच्या खिडकीशी गेलो. माझी वायर आत येत होती. तिथं एक दुसरी डबी होती, आणि तिच्यातून एक वायर खिडकीबाहेर जात होती.

"ही कुठे जाते?"

"वर."

"वर तर मी राहतो."

"तुमच्याही वर," इंजिनिअरसाहेब म्हणाले आणि बनियन खाली ओढू लागले. "झांफिराबाईंनी फार गळ घातली हो. एकट्या राहतात."

म्हणजे माझं इंटरनेट माझ्याच बाल्कनीसमोरून, माझ्याच मोज्यांखालून वर चाललं होतं. मी जिना चढू लागलो. इंजिनिअरसाहेब शर्ट चढवून मागोमाग आले. आमच्या दारावरून जाताना मारिएतानं विचारलं, "सापडलं का?" मी म्हणालो, "सापडत आलंय." तिनं टोपी दुसऱ्या हातात घेतली. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

झांफिराबाईंनी दार उघडलं, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यात गोड पावाचा तुकडा सारला. अक्रोड घातलेला होता, ताजा होता, आणि त्यामुळे मला बराच वेळ रागावता आलं नाही.

"इंटरनेट गेलंय ना?" त्या म्हणाल्या. "पण इंजिनिअरसाहेबांना काही बोलू नका. माणूस फार उदार. स्वतःचं इंटरनेट असं कोण वाटतं आजकाल?"

इंजिनिअरसाहेब छताकडे बघत उभे राहिले.

त्यांच्या खोलीतही एक डबी होती, आणि तिच्यातूनही एक वायर खिडकीबाहेर. यावेळी खाली.

"ही कुणाला दिलीत?"

"नाव नाही सांगणार. शब्द दिलाय तिला." झांफिराबाईंनी आवाज उतरवला. "बिचारी म्हातारी आहे. जावई महा खडूस. घरात इंटरनेट आहे, पण तिला हात लावू देत नाही. म्हणे, या वयात डोळ्यांना त्रास."

"असतात अशीही माणसं," मी कळवळून म्हणालो. "म्हाताऱ्या माणसाला असं वागवायचं म्हणजे..."

इंजिनिअरसाहेब खोकले. मी खिडकीतून वाकून खाली पाहिलं. वायर एक मजला उतरून एका उघड्या खिडकीत शिरत होती. त्या खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या होत्या. त्या कुंड्यांना सकाळीच मी पाणी घातलं होतं.

जिना मी कसा उतरलो ते आठवत नाही. मागच्या खोलीचं दार ढकललं. सासूबाई डोक्याला चर्चचा रुमाल बांधून लिव्हिउच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. उशाशी एक डबी. तिच्यात खिडकीतून आलेली वायर होती, एक वायर भिंतीच्या भोकातून पलीकडच्या जिन्यातल्या त्यांच्या मैत्रिणीकडे गेली होती, आणि माझी कपाटामागची वायरही त्याच डबीत खोचलेली होती.

"आई, हे काय केलंत?"

"तुझ्या वायरीला इतके दिवस हात लावला नव्हता हं," त्या म्हणाल्या. "आज सकाळी जोडली. एका वायरीनं चित्र फार अडकत येतं. म्हटलं बाप्तिस्म्याचा दिवस, दोन्ही जोडल्या तर पोर सबंध दिसेल."

मी भिंतीला टेकलो. इंटरनेट माझ्या डबीतून निघून खाली जात होतं, तिथून वर, तिथून सासूबाईंकडे, आणि गालिच्याखालून परत माझ्याच डबीत. बाहेर पडायला वाट नव्हती. सकाळपासून ते आमच्या तीन मजल्यांतून गरागरा फिरत होतं. हे मी त्यांना हातवारे करून समजावलं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बोटींतही तू असंच करायचास का रे?" त्यांनी विचारलं.

मी माझी वायर उपटली. तेवढ्यानं धीर धरवेना, म्हणून दिवाणखान्यात धावत जाऊन डबीतून मारिएताची सोडून सगळ्या वायरी काढल्या. दिवे शहाण्यासारखे लुकलुकू लागले. पडदा आधी करडा झाला, मग त्यात एक टेबल दिसलं, मग लिव्हिउचा पांढरा शर्ट, आणि त्याच्या हातांत एक लाल, सुरकुतलेला, जागा चेहरा.

मारिएता पडद्याकडे सरकली. पडद्याला तिनं दोन बोटं लावली आणि तशीच ठेवली.

"आई, ऐकू येतंय का?" लिव्हिउ म्हणाला. "ही बघ, एउदोचिया."

बाळानं आमच्याकडे बघून जांभई दिली.

"कान आमच्याकडचे आहेत," सासूबाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. मी मागे वळून पाहिलं. सासूबाईंमागे इंजिनिअरसाहेब आणि त्यांची बायको उभी होती, त्यांच्यामागे गोड पावाचं ताट घेऊन झांफिराबाई, आणि दारात पलीकडच्या जिन्यातली सासूबाईंची मैत्रीण. सगळ्यांचं इंटरनेट एकदम गेल्यामुळे सगळे एकदम विचारायला आले होते, आणि आता नाकं पुसत होते.

"बाबा, मागे ही एवढी माणसं कोण?" लिव्हिउनं विचारलं.

"आपलं इंटरनेट," मी म्हणालो.

बाळ झोपल्यावर आलुबुखाराच्या दारूची बाटली निघाली आणि तिथंच बैठक बसली. मी वायरिंगचा नकाशा काढून दाखवला, घोटाळा कसा झाला ते समजावलं, आणि म्हणालो, की यापुढे कुणीतरी एकानंच सगळं सांभाळायला हवं. सर्वांना पटलं. मी नम्रपणे खाली बघत बसलो. सासूबाईंचं नाव एकमतानं आलं. झांफिराबाई म्हणाल्या, वायर कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, याला माणसांची पारख लागते. मारिएतानंही हात वर केला.

तेव्हापासून मुख्य डबी सासूबाईंच्या उशाशी असते. कारभार चोख आहे, नाही म्हणायची सोय नाही. फक्त दुपारचं जेवण झालं की त्या आडव्या होतात, आणि डबीचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून ती बंद करतात. सबंध जिन्याचं इंटरनेट तेवढा वेळ झोपतं. कुणाची तक्रार असेल तर त्यानं थेट व्यवस्थापकांशी बोलावं असा नियम आहे, आणि व्यवस्थापकांना झोपेतून उठवायची जबाबदारी बैठकीनं माझ्यावर टाकली आहे.

अजून मी त्यांना एकदाही उठवलेलं नाही.