दोष पाण्याचा

आमच्या घरच्या सत्यनारायणाला मधुभाईंनी तीर्थ घेतलं, जिभेवर घोळवलं आणि भटजींदेखत निकाल दिला, "जड आहे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घोलवडमध्ये मधुभाईंचा शेजार म्हटल्यावर हे चालायचंच.

हा माणूस कोणाकडेही गेला की चहाआधी पाणी चाखणार. जगातल्या सगळ्या बिघाडांचं त्यांच्याकडे एकच कारण. आमची डाळ शिजत नाही? दोष पाण्याचा. माझा मेहुणा बारावीला दोनदा आपटला, तरी दोष पाण्याचाच!

याचं मूळ त्यांच्या काचेच्या टाकीत, असं मला वाटायचं. २०१५ साली त्यांनी एंजल माशांची जोडी आणली. मादी पानावर अंडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सगळी पांढरीफटक, मेलेली. आमचं पाणी समुद्राकाठचं, क्षारांचं. या माशांना हलकं लागतं. झालं! दर रविवारी स्कूटरला दोन कॅन बांधून भाई निघाले तलासरीकडच्या झऱ्यावर. शिवाय पाणी जरा आंबट व्हावं म्हणून बदामाची वाळकी पानं भिजत घालायचे. ते पाणी मी एकदा कोरा चहा समजून प्यायलो, तर विचारतात कसे, "हलकं लागलं ना?"

दोन वर्षं हेच. शेवटी मी वैतागून म्हणालो, "भाई, मादी बदला. हिला काही व्हायचं नाही."

मधुभाई ताडकन उठले. "तिच्यात दोष नाही! दोष पाण्याचा. पुन्हा असं बोलायचं नाही."

शालूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, तिथेच भाजी निवडत होत्या. लग्नाला तीस वर्षं झाली, मूल नाही. नातेवाईक "दुसरी कर" म्हणत मागे लागले, तेव्हा हा माणूस वडिलांच्या चिकूवाडीवर पाणी सोडून बायकोला घेऊन वेगळा राहिला. हे ठाऊक असून मी तसं बोललो. माझीच मला लाज वाटली.

वहिनी उठल्या, टाकीपाशी जाऊन तळाकडे बघत राहिल्या. तिथे शिंपले पसरलेले होते. धाकटी डहाणू गावच्या माहेराहून त्यांनीच हौसेने आणलेले.

"अहो, आमच्याकडे शिंपले भाजून चुना करायचे. हेच पाणी जड करत नसतील?"

भाई कपाळाला हात लावून बसले. दोन वर्षं झऱ्याचं पाणी आणून चुन्यावर ओतत होता हा गृहस्थ!

शिंपले निघाले, पाणी बदललं. मादीने पुन्हा अंडी घातली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मला हाक आली. पानावर बारीक बारीक शेपट्या वळवळत होत्या. मी ओरडलोच, "अरे वा, भाई!"

वहिनी मात्र हळूच म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस दोष माझाच."

मधुभाईंनी ओल्या हाताने त्यांचा हात धरला, माझ्यादेखत.

"छे! तीस वर्षं सांगतोय ना, शालू? दोष पाण्याचा."