आत बसणारी

प्रत्येक देशाच्या एकदिवसीय संघात अकरा खेळाडू असतात, एक बारावा असतो आणि मायदेशी, टीव्ही दिसणार नाही अशा जागी, एक आत बसणारा माणूस असतो. ही गोष्ट देवाशपथ खरी आहे. भारताची आत बसणारी तासगावात राहायची आणि तिचं स्वयंपाकघर मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे तासगावला मी कधी गेलेलो नाही, पण सांगणाऱ्यानं इतकं नीट सांगितलं की फोडणीचा ठसका मला इथं बसून लागला.

तिचं नाव शालन तोडकर. नवरा प्रभाकर तोडकर, गावात सगळे अण्णा म्हणायचे. बाजारपेठेत त्यांचं चपलांचं दुकान. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती बाहेरच्या खोलीत पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि सलामीचा फलंदाज त्रिफळाचित झाला. बशा ठेवून आत गेली, जोडी जमली. पाण्याचा तांब्या घेऊन आली, जोडी फुटली.

"शालन, तू आपली आतच बस बघू," अण्णा हसत म्हणाले, आणि तीही हसत आत गेली.

अशी आत पाठवलेली बायको त्या काळी घरोघरी होती. फरक एवढाच, की शालनच्या बाबतीत ते खरं होतं.

स्पर्धा भरवणाऱ्या समितीनं रीतसर तपासणी केली. तिला दारात उभी केली, आत पाठवली, पुन्हा उभी केली. दरवेळी विकेट पडली. मग भारताच्या नावानं तिची नोंद झाली. इंग्लंडचा आत बसणारा एक निवृत्त पोस्टमन होता, तो बागेतल्या अवजारांच्या खोलीत बसायचा. श्रीलंकेच्या आजीबाई सामना असला की देवळात जायच्या. ऑस्ट्रेलियानं एका कुत्र्याचं नाव दिलं होतं, पण ते कुत्रं स्वतःहून आत थांबत नाही, या मुद्द्यावर ते फेटाळलं गेलं.

नियम स्पष्ट होते. आवाज ऐकलेला चालतो, चित्र दिसलेलं चालत नाही. घासलेल्या भांड्यातलं प्रतिबिंब हे पाहणंच धरलं जाईल, हे कलम शालनमुळंच आलं; एका उपांत्य सामन्यात ती परात पुसत होती आणि तिकडं कर्णधार धावबाद झाला. जुने सामने पुन्हा दाखवतात तेही बंद. तिनं एकदा चुकून पाच मिनिटं पाहिलं, तर कधीकाळी जिंकलेला सामना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हरलेला आला. बाहेर यायला मात्र बंदी नव्हती. आत बसणाऱ्यानं आपखुशीनं बसायचं, हे तर पहिलंच कलम. त्यामुळं तिला कुणी अडवलं असं म्हणता येत नव्हतं. कुणी बोलावलं असंही नव्हतं.

इतर देशांचे सामने तिला चालायचे. पण त्यात आपलं कुणी नसतं म्हणून ती तेव्हा भाजी निवडायची. आपला सामना ती भिंतीपलीकडून ऐकायची. गल्लीभर एकदम 'अरे अरे' झालं की झेल उडालाय, आणि सगळं गप्प झालं की पंच विचार करतायत. जिंकल्यावर अण्णा दारात येऊन सांगायचे, "जिंकलो गं." बाजारातून पिशवी भरून आणल्यासारखं सांगायचे. ती पिशवी घेतल्यासारखी मान हलवायची.

त्या वर्षीची स्पर्धा सुरू झाली तेव्हा शालनचं हृदय थकलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला," असं सांगितलं. अण्णांनी तिची खाट स्वयंपाकघरातच टाकली, कारण सामने चालू होते. साखळी सामने झाले, उपांत्य झाला, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अहो, आज मी बाहेर बसू का?"

अण्णा पेज ढवळत होते. "आज?"

"उद्या कुठं आहे मॅच."

"अगं, फायनल आहे."

"म्हणून तर. आपली पोरं मी बघितलीच नाहीत कधी. पेपरात फोटो बघते, पण फोटोतला माणूस पळत नाही."

"बघू," अण्णा म्हणाले.

तोडकरांच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. शालननं पेज घेतली आणि विषय काढला नाही.

समितीचे निरीक्षक रामटेके आले. हा उमरेडचा साधा माणूस. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी स्टूल ठेवलं आणि टीव्हीकडं पाठ, शालनकडं तोंड करून बसले.

"जेवल्या का काकू?"

"दोन घास. तुम्ही?"

"मी डबा आणला न."

"डब्यात काय?"

"वांगंच आहे. रोज वांगंच देते ती."

शालन हसली तशी तिला धाप लागली. अण्णांनी रामटेक्यांना बाजूला घेतलं. "सामना चालू असताना हिला काही झालं तर?"

रामटेके आपल्या चपलांकडं बघत राहिले. "तरतूद आहे काका. आतच आहेत, असं धरतात."

न्यूझीलंडनं आधी फलंदाजी केली. मग आपली सुरू झाली. बाहेरच्या खोलीत अण्णा आणि त्यांचे जुने शेजारी मुजावर टेलर, दोघंच. तिसरा गडी पडल्यावर एक डावखुरा पोरगा आला आणि असा जमला की मुजावरांनी मांडीखाली घेतलेला पाय बधिर झाला तरी हलवला नाही. साठ धावा उरल्या, सात गडी हातात.

"आता कुणी शिंकायचं पण नाही," मुजावर म्हणाले.

आतून आवाज आला, "अहो."

मुजावर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "वहिनींना म्हणावं, अर्धा तास."

अण्णांना वाटलं, हा अर्धा तास आपण कधीपासून सांगतोय. पोरीच्या बारशाला आलेल्या बायका बाहेर सामना बघत बसल्या होत्या आणि ही पाळण्याजवळ एकटी, तेव्हाही अर्धाच तास सांगितला होता. ते उठले.

"बसा अण्णा, जागा सोडू नका," मुजावर म्हणाले.

अण्णा दारात गेले. "शालन, चल."

रामटेके स्टुलावरून उठले. "मला तोंडी विचारावं लागते. काकू, तुम्ही आपखुशीनं बाहेर येताय का?"

"हो."

"मग उंबरठा आहे, पाय जपा." त्यांनीच तिचा दुसरा हात धरला.

मुजावरांनी एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा शालनकडं, आणि वेताची खुर्ची तिच्यासाठी पुढं ओढली. "या वहिनी. हितनं चांगलं दिसतं."

ती बसली, पदर सारखा केला आणि पडद्याकडं बघितलं. डावखुऱ्याची मधली यष्टी उडाली.

"हा का चालला?"

"बाद झाला."

"केवढासा आहे. घाम पुसायला पण थांबला नाही." तो मैदानाबाहेर जाईपर्यंत ती बघत राहिली. "अन् हा आला तो?"

"हा आपला यष्टिरक्षक."

तो पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. ग्लोव्ह काखेत मारून निघाला. पुढचा झेलबाद. त्याच्या पुढचाही.

"अहो, सगळेच असे जातात का?"

अण्णांनी तिच्या शालीचं टोक उगाच सरळ केलं. "जातात."

"चालताना मागं वळून बघतात, नाही? काहीतरी विसरल्यासारखं."

मुजावर नाक ओढत म्हणाले, "बघा वहिनी, निवांत बघा."

आणखी दोन गेले. शेवटचा गडी आला, एक पोरगेला गोलंदाज, बॅट कुणाची तरी मागून आणल्यासारखी धरलेली. शालन म्हणाली, "ह्याला एक तरी खेळू दे," आणि तिनं डोळे घट्ट मिटले. मुजावर ओरडले, गल्ली ओरडली. चेंडू प्रेक्षकांत पडला होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. मिटल्या डोळ्यांनी ती हसली, मग डोळे उघडले, आणि त्या पोरगेल्या गोलंदाजाच्याही यष्ट्या गेल्या.

भारत हरला. गल्लीतून कुणीतरी चपला घासत गेलं, तेवढाच आवाज झाला. दगड मारायला कुणी आलं नाही.

"चहा टाकू का?" मुजावर म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता स्वयंपाकघरात गेले. "वहिनी, साखर कुठंय?"

"फळीवर, हिंगाच्या डबीमागं," शालन खुर्चीतूनच म्हणाली. बाहेरच्या खोलीतून आत सांगायची तिची ती पहिलीच वेळ.

या गोष्टीत मी रचलेला भाग एकच, तो सांगून टाकतो. 'शालन, चल' असं अण्णा म्हणाले नाहीत. ते उठले, दारापर्यंत गेले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बघू, एवढी ओव्हर होऊ दे." 'शालन, चल'पासून चहापर्यंतचं सगळं माझं. खरं तर डावखुरा पोरगा शेवटपर्यंत टिकला आणि भारत सात गडी राखून जिंकला. बाकी समिती, कलमं, पोस्टमन, उमरेडचे रामटेके, हे जसं होतं तसं सांगितलं.

गल्लीत फटाक्यांची माळ लागली. मुजावरांनी अण्णांना उचललं आणि खाली ठेवलं, तसे अण्णा दारात जाऊन "जिंकलो गं" म्हणाले. शालनचे डोळे मिटलेले होते. अण्णांनी तिच्या नाकाशी हात धरून बघितला आणि ते खाटेच्या कडेला बसले. मग त्यांनी विचारलं, "तिनं ऐकलं ना?"

रामटेके स्टुलाजवळ उभे होते. "शेवटच्या बॉलला मी टीव्हीकडं वळलो होतो, काका," ते म्हणाले.